आजारी लेकरू आणि धम्माचे घर



विदर्भातल्या एका वस्तीत वंदना आटोपून आम्ही बसलो होतो. घरातला नऊ वर्षांचा मुलगा भिंतीला टेकून पाय चोळीत होता. त्याला सिकलसेल आहे. आजी म्हणाली, "मागल्या जन्मीचं काही असंल, गुरुजी." भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि पोराच्या दंडाला काळा दोरा! बावीस प्रतिज्ञा घेतल्या, दोरा राहिला. मी आजीला रागे भरलो नाही. रात्री लेकरू हाडे दुखून ओरडते, तेव्हा माणूस हाताला येईल ते धरते.

पण तुम्ही हे ध्यानी घ्या. सारे सुखदुःख पूर्वकर्मानेच येते काय, असे मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारले होते. असे म्हणणारे चुकतात, असे उत्तर मिळाले. पित्त, कफ, वात, ऋतुपालट यांनीही वेदना उपजते. संयुत्त निकायात हे आहे. आणि बाबासाहेबांनी तर दाखवून दिले, की पूर्वकर्माच्या नावाखाली समाज आपली जबाबदारी झटकतो. घरातही तेच होते. कर्म म्हटले की दवाखाना टळतो.

मग कारण काय? रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकतात. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच मूल आजारी होते. दोघेही वाहक असतील, तर दर खेपेला चारांत एक अशी शक्यता. वाहक स्वतः सहसा धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. तेव्हा एकट्या सुनेला बोल लावणारी सासू पंचशील कोणत्या तोंडाने म्हणते? लग्नाआधी पत्रिका नको, रक्त तपासा.

आता "बरा कधी होईल?" हा प्रश्न. घर त्या दिवसाची वाट पाहत बसते, आणि पोराचे बालपण निघून जाते. म्हाताऱ्या नकुलपित्याला तथागतांनी शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ न देण्याचा उपदेश केला. या घरात त्याचा अर्थ एवढाच : फॉलिक ॲसिडची गोळी रोज, डॉक्टरांनी दिले असेल तर हायड्रॉक्सियुरिया न चुकवता, भरपूर पाणी, थंडीत अंगभर कपडे, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. आणि उरलेल्या दिवशी शाळा, खेळ, भांडण, सगळे.

आईने हळूच सांगितले, शाळेत पाणी प्यायला उठू देत नाहीत. या मुलांना लघवीही वारंवार होते, म्हणून पोरगा दिवसभर पाणीच पीत नाही. सोमवारी बाप डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन शाळेत जाणार होता.