खोडी कुणाची, भुर्दंड कुणाला?

मुंबईच्या लोकलमध्ये मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत आईबरोबर महिला डब्यातून प्रवास करू शकतो. रेल्वेने हा नियम सोयीसाठी केला असेल, पण लोकलवरच जगणाऱ्या, ठाण्यातल्या दिव्यासारख्या ठिकाणी तो मुलग्यांच्या वाढीतला एक टप्पाच होऊन बसला आहे. तोवर हा गडी लेडीज डब्याचा लाडका असतो. गर्दीत आई उभी राहते आणि त्याला कुणीतरी मांडीवर घेतं. भाजी निवडत बसलेल्या काकू त्याच्या हातात मटाराच्या शेंगा देतात; तो दोन दाणे पिशवीत टाकतो आणि चार तोंडात. पुढचं स्टेशन कोणतं ते उद्घोषणेच्या आधी तिन्ही भाषांत सांगून टाकतो. समोरच्या बाईंना आईच्याच सुरात विचारतो, ‘तुम्ही कुठे उतरणार?’ डबा हसतो. मग एके दिवशी कुणीतरी म्हणतं, ‘केवढा झालाय हो आता!’ आणि त्याची रवानगी शेजारच्या डब्यात होते. तिथे मटार सोलत नाहीत, दाराला लटकतात.

या बारा वर्षांत घर त्याला काय शिकवतं? मुलगे असलेल्या घरांत सर्वांत जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य बहुधा हे असावं: ‘मुलगा आहे, करणारच.’ आजी ते कौतुकाने म्हणते, बाबा हसत म्हणतात, शेजारीण उसासा टाकून म्हणते आणि आई म्हणते ती थकून. शेगडीमागे गेलेला चेंडू, पाण्याच्या पिंपात सोडलेली होडी, बहिणीच्या वहीतल्या शिवाजी महाराजांना जोडून दिलेला गॉगल, सगळ्यांवर उतारा एकच. खोडी चांगली की वाईट यावर घराघरांत वाद होतात. मला वाटतं, त्याऐवजी दुसराच प्रश्न विचारायला हवा: तिचा भुर्दंड कुणी भरला?

‘करणारच’ या शब्दामागे एक समजूत आहे: मस्ती मुलग्याच्या रक्तातच असते. ती अगदीच खोटी नाही. लहान वयात मुलग्यांच्या खेळात झटापट, आदळआपट आणि कुस्ती सरासरीने जास्त दिसते, हे बालविकासाच्या अभ्यासकांनी बऱ्याच ठिकाणी नोंदवलं आहे. पण सरासरीवरून घरातलं पोर ओळखता येत नाही. एकाच आईचे दोन मुलगे पाहावेत. एक पंख्याचा रेग्युलेटर उघडून आत काय आहे ते बघतो. दुसरा जुनी तिकिटं रंगांनुसार लावत दोन तास बसतो आणि कुणाला त्याची आठवणही येत नाही. निसर्ग फार तर अंगातली रग देतो. ती कुठे वळवायची हे निसर्ग ठरवत नाही, आजूबाजूची जागा आणि माणसं ठरवतात.

जागेचंच आधी बोलू, कारण दिव्यात तिचीच टंचाई आहे. दिवा, साबे, दातिवली, आगासन, बेतवडे ही आगरी वस्तीची, भातशेतीची आणि खाडीकाठची गावं. ठाणे महापालिकेच्या हद्दीत असूनही त्यांचं शहर झालं ते बिनआराखड्याचं. शेतात चाळी उठल्या, चाळींना खेटून इमारती आल्या आणि त्यांतल्या कितीतरी परवानगीविना उभ्या राहिल्या. मुंबईत घर न परवडणारी कोकणातली कुटुंबं इथे आली. घर त्यातल्या त्यात स्वस्त, आणि सावंतवाडीची गाडी इथूनच सुटते. ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षं दिव्याच्या डंपिंगवर पडत राहिला. ते २०२३मध्ये बंद झालं. घरांना, रुळांना, कचऱ्याला, सगळ्यांना जागा सापडली. भात कापून झाल्यावर मोकळ्या होणाऱ्या खाचरांत पोरांचं जे क्रिकेट रंगायचं, ते मात्र खाचरांबरोबरच गेलं.

आता ते गॅलरीत खेळलं जातं. चार फूट रुंदीच्या त्या मैदानाची कायद्याची संहिता पाठ्यपुस्तकात लावण्याजोगी आहे. एक टप्पा, एक हात: आउट. काकूंच्या दाराला लागला: आउट. वाळत घातलेल्या कपड्यांना लागला: डेड बॉल. आणि शेवटचं, सर्वांत पवित्र कलम: खाली गेला तर ज्याने मारला त्याने आणायचा. गटारात गेला तरी त्यानेच आणायचा, धुवायचाही त्यानेच. या कलमाला अपवाद नाही. तिथे ‘मी लहान आहे’ चालत नाही आणि ‘मी मुलगा आहे’ तर नाहीच, कारण सगळेच मुलगे असतात. आठ-नऊ वर्षांच्या पोरांनी कुणी न शिकवता हे ठरवलेलं असतं: फटका मारायची मुभा सर्वांना आहे, पण चेंडूची जबाबदारी फटका मारणाऱ्याची.

हाच खेळाडू उंबरा ओलांडून घरात आला की कायदा बदलतो. दिव्यात पाणी येतं ते ठरावीक वेळी आणि बेताच्या दाबाने. त्यामुळे पिंप, कळशी, बादली, बाटल्या अशी सगळी फौज भरून ठेवावी लागते. त्या पिंपात तांब्या बुडवून भावाच्या अंगावर ओतणं ही मे महिन्यातली सर्वोत्तम करमणूक आहे, यात वाद नाही. बघणाऱ्यालाही हसू आवरत नाही. पण संध्याकाळी भांडी घासायला पाणी उरत नाही, तेव्हा खालून कळशी कोण आणतं? लादीवरचं पाणी कोण पुसतं? पुष्कळ घरांत आजही ओल्या लादीवर मुलाला म्हणतात, ‘बाजूला हो, घसरशील,’ आणि मुलीच्या हातात फडकं देतात. घसरण्याची भीती दोघांना सारखीच असते. मुलगा मात्र एवढंच शिकतो की पाणी सांडणं हे त्याचं काम आणि पुसणं हे दुसऱ्या कुणाचं.

हे मोठेपणी कसं दिसतं, ते देशाच्या आकडेवारीत नोंदलेलं आहे. २०१९च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणात सहा वर्षांच्या आणि त्यावरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया घरातलं बिनमोबदल्याचं काम करताना आढळल्या, पुरुषांपैकी २६.१ टक्के. हे काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, तर पुरुष ९७. या मोजणीत सहा वर्षांची मुलंही धरली आहेत, हे विसरू नये. पंचवीस वर्षांचा नवरा स्वयंपाकघरात का येत नाही, याचं उत्तर शोधायचं तर तो पाच वर्षांचा असताना त्याच्या हातातलं फडकं कुणी काढून घेतलं, तिथपासून सुरुवात करावी लागते.

मराठी साहित्याने खोडकर मुलावर मनापासून प्रेम केलं. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांनी पिढ्यान् पिढ्यांच्या मुलांना मोकळा श्वास दिला. पण फेणे ज्या भानगडीत पडतो ती स्वतःच निस्तरतो. सायकल हाणून त्याचेच पाय दुखतात, अडकतोही तोच. म्हणून त्याच्या उचापती वाचकाला गोड लागतात.

आणि ‘श्यामची आई’? आपण ते पुस्तक डोळे पुसत वाचतो, त्यामुळे त्यातली कडक आई नजरेतून निसटते. साने गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं. त्यातल्या पहिल्याच गोष्टीत आई आजारी आहे आणि वटसावित्रीच्या प्रदक्षिणा घालायला तिच्यात त्राण नाही. ती ते काम मुलाला सांगते. बायकांच्या व्रताला मुलाने जायचं? लोक हसतील, म्हणून श्याम कचरतो. अशा कामाची लाज कसली, असं म्हणून आई त्याला पाठवतेच. पुढे हीच आई पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला मारून विहिरीवर धाडते. व्रतवैकल्यं कुणाला पटोत न पटोत, मारणं तर आज कुणीच पटवून घेऊ नये. पण दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर श्यामच्या पालगडच्या घरातली धैर्याची कल्पना कळते. पाण्यात उडी मारायला जेवढी छाती लागते, तेवढीच चारचौघांत ‘बायकी’ ठरवलेलं काम करायलाही लागते. मुलग्याच्या वाट्याला दोन्ही परीक्षा यायला हव्यात. आपण पहिलीच तेवढी घेतो.

दुसरी परीक्षा घेण्याचे प्रयत्न आपल्याकडे झालेच नाहीत, असं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर ते कोसबाडला वाढवलं. दोन्ही गावं तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. त्यांच्या बालवाडीत झाडणं, पुसणं, आपली वस्तू जागेवर ठेवणं हाच अभ्यास होता आणि तो मुलगा-मुलगी पाहून वाटलेला नव्हता. अलीकडे, २०१९मध्ये, बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा मिळून भाजी निवडत असल्याचं चित्र आलं, तेव्हा त्याचं कौतुक झालं. दिव्यातल्या चाणाक्ष पोराला ते चित्र पाहून पडणारा प्रश्न मात्र वेगळा असेल: हे बाबा एवढ्या लवकर घरी कसे?

या प्रश्नात बरंच तथ्य आहे. दिव्यातले बाबा भल्या पहाटे जातात आणि रात्री पोर पेंगायला लागलं की येतात. मधला वेळ नोकरीने जेवढा खाल्ला, तेवढाच गाडीने. २ जानेवारी २०१५ला गाड्या कोलमडल्या आणि दिव्यात प्रवाशांचा उद्रेक झाला. पुढे डिसेंबर २०१६मध्ये जलद गाड्या दिव्याला थांबू लागल्या, पण गर्दी काही हटली नाही. अशा घरात बाबा रविवारचे पाहुणे होतात आणि बाकीचे सहा दिवस ‘थांब, पप्पांना सांगते’ या धमकीत राहतात. आईही नोकरीवरून आलेली असते. सात वर्षांच्या मुलाला कपबशी विसळायला लावणं म्हणजे एकाच्या जागी तीन कामं: त्याला शिकवा, कपबशी पुन्हा विसळा आणि ओटा पुसा. त्यापेक्षा स्वतः करून मोकळं होणं सोपं. म्हणून ‘मुलगा आहे, करणारच’ या वाक्यात मला लाडापेक्षा दमणूक जास्त ऐकू येते. ज्यांना उसंतच नाही त्यांना पालकत्वाचे धडे देणं सोपं असतं. पण दमणुकीतून पडलेली सवयही सवयच असते, आणि मुलगा तिचं कारण विचारत बसत नाही.

भुर्दंड दुसऱ्याने भरायचा, ही सवय घराच्या चार भिंतींत राहत नाही. होळी जवळ आली की रुळालगतच्या वस्त्यांतून धावत्या लोकलवर पाण्याचे फुगे फेकले जातात. रेल्वे पोलीस दरवर्षी येऊन समजावतात. फेकणारी पोरं दुष्ट नसतात. त्यांच्या लेखी गाडी हे हलतं निशाण असतं आणि नेम लागला की मित्र टाळ्या देतात. दारातल्या माणसाचा डोळा जाऊ शकतो, हे त्यांच्या हिशेबात येतच नाही. कारण आपल्या गमतीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी असतं, हे त्यांना घरात कधी दिसलेलंच नसतं.

तेच दाराचं. ९ जून २०२५ला दिवा आणि मुंब्रा या स्थानकांदरम्यान दारातले प्रवासी रुळांवर पडून मृत्युमुखी पडले. ते हौसेने लटकत होते, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं ठरेल. त्यांना दारात आणलं ते गर्दीने. त्यानंतर बंद दारांच्या लोकलची चर्चा जोरात सुरू झाली. ती दारं यायलाच हवीत. पण दुपारच्या रिकाम्या गाडीतही तेरा-चौदा वर्षांची पोरं बसायला जागा असताना दारात झोके घेतात, त्याचा दोष गर्दीला देता येत नाही. धाडस दाखवायला ना मैदान मिळालेलं, ना पोहायला तळं, ना ‘हे तूच निस्तर’ म्हणून सोपवलेली एखादी अवघड जबाबदारी. मग मर्दानगी सिद्ध करण्याची जागा उरते ती दाराची.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: मग काय पोरांना गरीब गाय करून ठेवायचं? मुळीच नाही. खोडी हा कुतूहलाचा भाऊ आहे. रेग्युलेटर उघडणाऱ्या मुलाला हाणून गप्प बसवणारं घर एक कारागीर गमावतं. आणि हसायचंच नाही, असं ठरवणाऱ्या घरात मुलगे वाढवणं ही शिक्षा आहे, दोन्ही पक्षांना. हसावं, खुशाल हसावं. पण हसून झाल्यावर रेग्युलेटर त्यालाच जोडायला लावावा, मेन स्विच बंद करून, कुणीतरी शेजारी बसून. पिंप त्यानेच भरावं. गॉगल लावलेले महाराज बहिणीला नव्या वहीत त्यानेच काढून द्यावेत; चित्र बिघडलं तरी चालेल. त्यात अपमान नाही आणि मारही नाही. घरातल्या इतरांसारखाच तू हिशेबात धरला जाणारा माणूस आहेस, एवढंच त्यातून सांगायचं आहे. आणि रविवारी घरी असलेल्या बाबांनी आपलं ताट स्वतः उचललं, तर यातलं निम्मं काही न बोलता शिकवून होईल.

मैदान देणं हे महापालिकेचं काम आहे, आणि सुरक्षित गाडी देणं हे रेल्वेचं. ते त्यांच्याकडून मागत राहायला हवं. घराकडे मागायचं आहे ते त्यामानाने स्वस्त आहे. ज्याने मारला त्याने आणायचा, हे कलम पोरांनी गॅलरीत कधीच मंजूर केलेलं आहे. मोठ्यांनी ते घरात रद्द करू नये, म्हणजे झालं.