जपणारा मालक असतो का?

एखादी रेकॉर्ड आपण विकत घेतो, तेव्हा नेमकं काय आपलं होतं? तबकडी आपली होते, हे नक्की. पण जगात तिची तेवढी एकच प्रत उरली असेल तर?

न्यूयॉर्कमधल्या दोन संग्राहकांनी या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं दिली. मार्शल स्टर्न्स हे इंग्रजीचे प्राध्यापक. अभ्यास मध्ययुगीन साहित्याचा, वेड जॅझचं. १९५२मध्ये त्यांनी ग्रीनिच व्हिलेजमधल्या स्वतःच्या घरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ जॅझ स्टडीज’ सुरू केली आणि आपल्या रेकॉर्ड, पुस्तकं, कात्रणं अभ्यासकांना खुली केली. १९६६मध्ये ते वारले. त्याच वर्षी हा संग्रह रटगर्स विद्यापीठाकडे गेला. पुढे इतर संग्राहकही आपले संग्रह तिथे देत गेले. आज जॅझच्या अभ्यासकांना तिथे गेल्याशिवाय चालत नाही.

दुसरे बिल सॅव्हरी, साउंड इंजिनियर. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात रेडिओवर थेट वाजणारे कार्यक्रम ते तबकड्यांवर उतरवून घेत. बेनी गुडमन, काउंट बेसी, बिली हॉलिडे. बाजारातल्या दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. सॅव्हरींच्या मोठ्या तबकड्यांवर हेच कलाकार घड्याळ विसरून वाजवताना ऐकू येतात. यातलं थोडंच त्यांनी बाहेर येऊ दिलं. २००४मध्ये ते गेले. २०१०मध्ये हार्लेममधल्या जॅझ म्यूझियमने तो संग्रह त्यांच्या मुलाकडून मिळवला, तेव्हा काही तबकड्या वाचवण्यापलीकडे गेल्या होत्या.

स्टर्न्स उदार, सॅव्हरी स्वार्थी, असा निकाल देऊन मोकळं होता येईल. पण मला तो पटत नाही. सॅव्हरींनी ते सूर पकडलेच नसते, तर देण्यासारखं काही उरलंच नसतं. आपण दिवसभर गाण्यांच्या लिंक पाठवतो, पण जपत काहीच नाही. ॲपचे पैसे भरणं थांबवलं की आपला संग्रह संपला. जपायला थोडा हट्ट लागतो, थोडी मालकीची भावनाही लागते.

शिवाय संस्थेला दिलं म्हणजे सगळ्यांना मिळालं, असंही नाही. सॅव्हरींच्या संग्रहातली काही गाणी लोकांना विकत घेऊन ऐकता आली ती २०१६मध्ये. मधली वर्षं तबकड्या दुरुस्त करण्यात आणि हक्कांचा गुंता सोडवण्यात गेली.

तरीही मला वाटतं, जपण्याच्या हक्काला मुदत असते, आणि ती मालक ठरवत नाही. लॅकरच्या तबकडीवरचा थर वर्षानुवर्षं आकसतो, त्याला तडे जातात, पापुद्रे सुटतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा साधा नियम आहे: ज्याची एकच प्रत आहे, ते गेलंच असं धरून चाला. दुसरी प्रत करू न देता आपण ती तबकडी जपत नसतो, तिच्या मरणाची वाट अडवून फक्त आत बसलेलो असतो.

आणि तबकडीसोबत आणखी एक गोष्ट जाते. ही कुठल्या रात्रीची, ट्रम्पेट कुणाचा, मध्येच हसलं कोण, हे लेबलवर नसतं. ते संग्राहकाच्या डोक्यात असतं. म्हणून द्यायचं तर हातीपायी धड असताना द्यावं. खोके उतरवून घेणाऱ्या ग्रंथपालाशेजारी बसून, एकेक रेकॉर्ड हातात घेत, तिची गोष्ट सांगता यावी.