दिवा लावून पाहिलं का?

(भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. अशाच एका गाळ्यातला सर्व्हर नव्या लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू केला, तर एकही डिस्क दिसेना. आधी आलेला माणूस 'डिस्क गेल्या' म्हणून मोकळा झाला. आता बोलताहेत ते काम हाती घेतलेला भाचा आणि तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला त्याचा मामा.)

भाचा : डिस्क ठणठणीत आहेत, मामा. मशीन चालू होताना डिस्क जिला जोडल्यात ते रेड कंट्रोलर कार्ड स्वतःच तसं दाखवतं. हार्डवेअरची यादी देणारी एलएसपीसीआय आज्ञा मारली की कार्डही यादीत येतं, पण त्याच्यापुढे ड्रायव्हर नाही. कार्ड जुनं, एसएएस १०७८ चिपचं. पेनड्राइव्हवरचं लिनक्स रेड हॅटच्या कुळातलं, आणि रेड हॅटनं २०१९ साली आपल्या लिनक्सची आवृत्ती ८ काढली तेव्हा असल्या कार्डांचे ओळखक्रमांक 'मेगारेड_एसएएस' ड्रायव्हरमधून वगळले. ड्रायव्हर आहे, या कार्डाला तो ओळख देत नाही.

मामा : वा! मीमांसक कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. न दिसण्यातूनही ज्ञान होतं, म्हणाले. प्रभाकरांना ते पटलं नाही, तो वाद मोठा आहे, सोड. पण मानणाऱ्यांनीही अट घातलीच : घडा असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. योग्यानुपलब्धी. अंधाऱ्या खोलीत 'घडा नाही' म्हणायचा अधिकार कुणाला नाही. तुझ्या आधीच्या माणसानं दिवाच लावला नव्हता.

भाचा : आणि तेवढ्यावर कॉन्फिगरेशन पुसून नव्या डिस्क लावायला निघाला होता!

मामा : मग पेनड्राइव्ह काढ की. जुनं सुरू होईल.

भाचा : झालं. मालक जेवायला गेले होते तेव्हा करून पाहिलं. त्यावरच्या जुन्या लिनक्सवर, सेंटओएस ७ वर, आलं. बिलं, स्टॉक, सगळं जागच्या जागी. मग परत बंद केलं.

मामा : बंद का?

भाचा : सेंटओएस ७ ला ३० जून २०२४ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. मालक घरून स्टॉक बघतात, म्हणून मशीन इंटरनेटला उघडं. चालतंय हे कळलं की ते हात लावू देणार नाहीत. वीस तारखेला जीएसटीचं रिटर्न, मग दिवाळीच्या ऑर्डरी, मग परत वीस तारीख. आत्ता घाबरलेत, तोवर नवा सर्व्हर घेतील.

मामा : म्हणजे त्यानं नकळत जे खोटं सांगितलं, तेच तू जाणूनबुजून सांगणार.

भाचा : मी काहीच सांगितलेलं नाही. गप्प आहे.

मामा : वकिली नको. तू दिवा लावलास, घडा पाहिलास आणि फुंकर मारलीस.

भाचा : बरं, मी खरं सांगितलं. सहा महिन्यांनी कुणी आत शिरून फायली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली, तर माझ्या खरेपणाचं त्यांनी काय करायचं?

मामा : याला माझ्याकडे उत्तर नाही. शिकवायचो तेव्हाही नव्हतं. पण माल त्यांचा, नुकसान त्यांचं, आणि निवड तू करतोयस. तेही त्यांना न कळू देता. मधली वाट नाहीच?

भाचा : आहे. एलरेपो नावाच्या प्रकल्पाचे स्वयंसेवक असे वगळलेले ड्रायव्हर बांधून देतात. रेड हॅटच्याच कुळातल्या अल्मालिनक्सनं तर २०२४ मध्ये बऱ्याच जुन्या कार्डांना परत ओळख दिली. पण कार्ड म्हातारं ते म्हातारंच. ते मेलं तर त्याच कुळातलं दुसरं मिळेपर्यंत डिस्कवरचं वाचणं अवघड होईल.

मामा : बॅकअप?

भाचा : विचारलं. मालकांनी मुलाकडे बघितलं, मुलानं माझ्याकडे.

मामा : मग आधी ती नक्कल काढ. तेवढ्यासाठी तरी चालू करावंच लागेल, आणि चालू झालेलं मशीन लपत नाही.

भाचा : हं. सांगतो त्यांना, चालतंय म्हणून. पण नेटची वायर काढून ठेवतो. नवं मशीन येईपर्यंत स्टॉक बघायचा तर गाळ्यावर यायचं.

मामा : ही पण जबरदस्तीच की रे.

भाचा : आहेच. पण वायर त्यांच्या डोळ्यांसमोर काढणार, कारण सांगून.

मामा : आणि त्यांनी परत लावली तर?

भाचा : लावतीलच. येत्या रविवारी.