कालचा ‘मी’, आजचा ‘मी’

“पूर्वी मी फार तापट होतो, आता शांत झालो आहे,” असे आपण सहज बोलून जातो. घरच्यांना विचारले, तर ते नुसतेच हसतात!

असे का होते? ॲन विल्सन आणि मायकल रॉस या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. सत्राच्या आरंभापेक्षा आपण सुधारलो, असे विद्यार्थ्यांना वाटत होते. पण आरंभी त्यांनीच स्वतःला दिलेले गुण ताडून पाहिले, तर सुधारणा दिसेना. त्यांनी फक्त कालच्या स्वतःला खाली ओढले होते. कालचा ‘मी’ उलट बोलत नाही. त्याला दोष दिला, की आजचा ‘मी’ आपोआप उंच दिसतो.

संत ऑगस्टीन यांनी ही पळवाट धरली नाही. इ. स. ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी तरुणपणीची नासपतींची चोरी कबूल केली. मात्र दहाव्या भागात, बिशप असताना आपल्याला छळणारे मोहही सांगितले: खाण्याची ओढ, नको ते कुतूहल, स्तुतीची हाव.

देवाच्या कृपेने माणूस बदलतो, हे खरेच. पण “तो माझा जुना स्वभाव होता” असे म्हणून दुखावलेल्याची क्षमा मागणे टाळले, तर बदलले काय?

बंधुभगिनींनो, आज घरी गेल्यावर विचारू या, “मी खरेच बदललो का?” आणि उत्तर शांतपणे ऐकून घेऊ या.