न विचारण्याचे औदार्य

अभियांत्रिकी महाविद्यालयात समलिंगी किंवा पारलिंगी विद्यार्थ्यांना सामावून कसे घ्यावे, हा विषय काढला की बहुधा एक ठरावीक उत्तर मिळते. ‘आमच्याकडे कोणी कुणाला विचारतच नाही.’ गणिताला लिंग नसते, यंत्राला जात नसते, आणि पूल कोणी बांधला हे त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीला ठाऊक नसते. हे उत्तर देणारी माणसे दुष्ट नसतात. किंबहुना आपण उदार आहोत, अशीच त्यांची प्रामाणिक समजूत असते. प्रश्न असा की, न विचारणे हे औदार्य खरे, पण त्याची किंमत कोण मोजतो?

परभणीच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात जिंतूर किंवा गंगाखेडकडून आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याची कल्पना करा. घरच्यांनी त्याला मुलगा म्हणून वाढवले. मनाने मात्र ती मुलगी आहे. इंग्रजीत मनुष्य दिवसभर स्वतःविषयी बोलला, तरी क्रियापद त्याची चहाडी करीत नाही. मराठीचे तसे नाही. ‘मी येतो’ म्हणावे की ‘मी येते’, हे ओठ उघडण्यापूर्वी ठरवावे लागते. (कोल्हापूरकडच्या मुली खुशाल ‘मी येतो’ म्हणतात आणि त्याने कोणाचे आभाळ कोसळत नाही, हा भाग निराळा.) व्याकरणाने एक आडोसा मात्र ठेवला आहे. ‘मी आराखडा काढला’, ‘मी जोडणी तपासली’ अशा वाक्यांत क्रियापद कर्माकडे पाहते, कर्त्याकडे नाही. मग बोलणे जमेल तेवढे त्याच आडोशाला ठेवायचे. तोंडी परीक्षेत परीक्षक पंपाची कार्यक्षमता विचारीत असतो, आणि हिचे निम्मे चित्त वाक्याच्या शेवटच्या अक्षरात अडकलेले असते. कोणी काही विचारले नाही, हे खरेच. पण प्रत्येक वाक्यागणिक उत्तर द्यावेच लागले.

समलिंगी मुलाची तऱ्हा वेगळी. त्याला क्रियापद छळत नाही, वसतिगृहाची रात्र छळते. गप्पा मुलींवर येतात, मग स्थळांवर, मग कोणाच्या तरी चालण्याबोलण्याच्या नकलेवर. तोही हसतो, न हसणे परवडणारे नसते. कोणी म्हणेल, त्याने गप्पांना बसू नये, अभ्यास करावा. पण अभियांत्रिकी हे एकट्याने साधणारे शास्त्र नव्हे. एकलव्य रानात एकटा शिकला. लेथवरचे काम, मोजणीची साखळी, चौघांनी मिळून करायचा प्रकल्प, हे तसे साधत नाही. ज्याला रात्री चौघांपासून लपावे लागते, त्याला सकाळी त्याच चौघांजवळ ‘मला हे समजले नाही’ असे मोकळेपणाने म्हणता येईल काय? विद्या जिथे एकमेकांच्या हातून मिळते, तिथे मैत्रीतून वगळणे म्हणजे विद्येतून वगळणेच होय.

अमेरिकेतील लिन कॉनवे यांची हकीकत या संदर्भात आठवते. आयबीएम कंपनीत त्या वेगवान संगणकांच्या रचनेवर काम करीत होत्या. आपण स्त्री म्हणून जगणार, असे त्यांनी सांगताच १९६८ साली कंपनीने त्यांना काढून टाकले. पुढे नव्या नावाने, मागचे सारे आयुष्य झाकून, त्यांनी पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ केला, आणि कार्व्हर मीड यांच्यासह १९८०च्या सुमारास सूक्ष्म चिपांच्या रचनेवर जो ग्रंथ लिहिला, त्यावर संगणक अभियंत्यांची एक पिढी शिकली. आयबीएमने क्षमा मागितली ती २०२० साली. बावन्न वर्षांनी!

‘ही तिकडची थेरे’ म्हणून हे झटकून टाकता येत नाही. आपल्याकडे र. धों. कर्वे नावाचे गणिताचे प्राध्यापक होऊन गेले. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, आणि वाचक जे घरात विचारू शकत नव्हते, त्या समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांनाही त्यात उत्तरे दिली. त्यावरून खटला झाला. १९३४ साली कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, दंड झाला. प्रश्न विचारणारे मराठी वाचक मात्र तेव्हाही होते, हे त्या खटल्याने कायमचे नोंदवून ठेवले.

आता कायद्याची अडचण उरलेली नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेल्यांत आयआयटींचे वीस आजी-माजी विद्यार्थी होते, आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. पवईच्या आयआयटीत ‘साथी’ नावाचा अशा विद्यार्थ्यांचा गटही आहे. पण पवईचे वारे परभणीपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि गट काढायला तरी आधी दोघांनी एकमेकांना ओळखावे लागते. लहान गावात तेच अवघड! म्हणून तिथे पहिला शब्द विद्यार्थ्याने नव्हे, शिक्षकाने बोलायचा असतो. पहिल्या दिवशी वर्गात एक वाक्य, हजेरीत विद्यार्थ्याने सांगितलेले नाव, वसतिगृहाची खोली देताना अधीक्षकाने एकांतात केलेली विचारपूस. यांना पैसा लागत नाही.

आईबापांना भीती वाटते, की अशा बोलण्याने मुले बिघडतील. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पोट कापून मुलाला शिकवणाऱ्याला कशाचीही भीती वाटू शकते. पण बोलण्याने कोणी समलिंगी होत नाही, आणि गप्प बसल्याने कोणी व्हायचा राहत नाही. जो आहे, तो दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेला आहे, चकली खातो आहे, आणि मावशी स्थळाचा विषय काढील म्हणून मधूनच उठून गच्चीवर जातो आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली रॅगिंगविरोधी नियमांच्या तिसऱ्या कलमात भर घातली. लैंगिक कल किंवा लिंगओळख यांवरून कोणाला छळणे, वाळीत टाकणे हेही रॅगिंगच ठरले. प्रवेश घेताना जे प्रतिज्ञापत्र भरून द्यावे लागते, त्यात ‘तिसरे कलम मी विशेष लक्षपूर्वक वाचले आहे’ अशा अर्थाचे वाक्य असते. त्याखाली विद्यार्थी सही करतो. पालकांचेही असेच एक प्रतिज्ञापत्र असते, आणि त्यावर वडिलांची किंवा आईची सही असते.