सातवी ठिकरी

सकाळी अंगण झाडताना हिराच्या केरसुणीला एक ठिकरी अडली. मंगळुरी नळ्याची, कडा घासून गोल केलेली. काल संध्याकाळी शेजारची पोरं इथे लगोरी खेळली. सहा ठिकऱ्या घेऊन गेली, सातवी विसरली. सुर्ल्याच्या या तांबड्या मातीत नळ्याचा तुकडा चटकन दिसतही नाही.

ती हातात घेतली आणि २०२३ चा ऑक्टोबर आठवला. १६ तारखेला मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या खेळांत क्रिकेट, स्क्वॉश, लॅक्रॉस, फ्लॅग फुटबॉल, बेसबॉल-सॉफ्टबॉल घ्यायचं ठरलं. त्यानंतर दहाच दिवसांनी आपल्या फातोर्ड्याला ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचं उद्घाटन झालं. चाळीसहून अधिक खेळ, आणि प्रात्यक्षिकापुरते गतका आणि लगोरी. लगोरीचं नाव वाचून दाखवलं तेव्हा आई चुलीपुढून उठून आली. "आमचीच ती?" असं तिने दोनदा विचारलं.

आमचीच. पण आमची म्हणजे कुणाची? आमच्या वाड्यावर चेंडू गुडघ्याखाली लागला तरच गडी बाद. पलीकडच्या वाड्यावर पाठीत बसला तरी बाद. तंटा झाला की सगळ्यांत मोठ्या मुलीचा शब्द शेवटचा. मोठ्या स्पर्धेत जायचं तर हे सगळं सोडावं लागतं. एकच नियम, एका मापाच्या चकत्या, आखलेलं मैदान. मला ते मान्य आहे. कबड्डीनेही हेच केलं. संजीवनी, गामिनी, अमर असे तिचे तीन प्रकार होते, त्यांतून एक कबड्डी घडली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली ती बर्लिनला खेळून दाखवली. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई खेळांतही ती प्रात्यक्षिकच होती. पदक लागलं १९९० ला, बीजिंगला. बर्लिनपासून चोपन्न वर्षं! आणि बायकांच्या कबड्डीला त्यानंतरही वीस वर्षं थांबावं लागलं, २०१० च्या ग्वांगझूपर्यंत. ज्या खेळात निवाडा मुलगी देते, त्या लगोरीच्या बाबतीत तरी असं होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

एके काळी ऑलिम्पिकच्या सनदेत हिशेब लिहिलेला होता: उन्हाळी खेळांत यायचं तर पुरुषांनी निदान ७५ देशांत आणि चार खंडांत खेळलेला हवा, बायकांनी ४० देशांत आणि तीन खंडांत. हिशेब हवाच, नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचा खेळ आत. पण यादी काही दगडावर कोरलेली नसते. रस्सीखेच १९०० पासून १९२० पर्यंत ऑलिम्पिकमध्ये होती, मग गेली. क्रिकेट १९०० साली पॅरिसला एकदाच खेळलं गेलं, आता इतक्या वर्षांनी परततंय. टोकियोपासून तर यजमान शहराला स्वतःचे खेळ सुचवता येतात. म्हणजे यजमानाला आपल्या अंगणात काय खेळतात ते ठाऊक हवं. गोव्यात स्पर्धा आली तेव्हा कुणाला तरी लगोरी आठवली, याचं मला आजही अप्रूप वाटतं. कोयंडेबाल, म्हणजे आमचा विटीदांडू, मात्र बाहेरच राहिला.

एवढ्यात कुंपणापाशी शेजारची धाकटी आली. शाळेचा गणवेश, वेणी अजून एकच घातलेली.

"काकी, आमची एक ठिकरी राहिली काय?"

मी पुढे केली. तिने फ्रॉकला पुसली, उलटसुलट करून पाहिली.

"हीच. ही सगळ्यांत वरची. ही नसली तर लगोरी झाली म्हणून ओरडता येत नाही."

आणि दुसरी वेणी घालायला घराकडे पळाली.