मनाची अमानत आणि मोबाईल ॲप

मनाच्या आजारांविषयी जाणीव करून देणारी ॲप्स आज आपल्या मुला-मुलींच्या मोबाईलमध्ये पोहोचली आहेत. झोप, भीती, उदासी यांविषयी ती प्रश्न विचारतात, दैनंदिन नोंद ठेवतात, काही समुपदेशकाशी जोडूनही देतात. ज्याचा अल्लाहवर विश्वास आहे त्याला असल्या साधनाची गरजच काय, असे काही जण म्हणतात. तर काही जण त्यावर डोळे झाकून विसंबतात. वाचक बंधू-भगिनींनो, या दोन्ही भूमिका इस्लामी शिकवणुकीच्या प्रकाशात तपासून पाहिल्या पाहिजेत.

पहिली भूमिका दुःखालाच ईमानची उणीव समजते. सूरह यूसुफमधील ह. याकूब (अ.) यांचे स्मरण करा. पुत्रवियोगाच्या शोकाने त्यांचे डोळे पांढरे झाले, आणि तरीही ‘सब्रे जमील’ हा शब्द आपल्याला त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळतो. म्हणजे सब्र आणि अश्रू परस्परविरोधी नाहीत. ह. खदीजा (रजि.) आणि चुलते अबू तालिब ज्या वर्षी निवर्तले, ते वर्ष इस्लामी इतिहासात ‘आमुल हुज्न’, अर्थात दुःखाचे वर्ष, म्हणून ओळखले जाते. प्रेषित (स.) यांच्या दुःखाला इतिहासाने नाव दिले; मग एखाद्या तरुणाच्या दुःखाला आपण दोष का द्यावा?

प्रेषित (स.) यांनी उपचार करून घेण्याची शिकवण दिली आहे. तवक्कुल म्हणजे उपाय सोडून देणे नव्हे. आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा. बल्खचे विद्वान अबू झैद अल-बल्खी (मृत्यू इ. स. 934) यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला. औषधे जशी आधीच घरात ठेवावीत, तसे धीर देणारे विचार मन स्वस्थ असतानाच जमवून ठेवावेत, असा सल्ला त्यांनी दिला. चांगले ॲप याहून फार वेगळे काही करत नाही.

आता दुसरी भूमिका. बोलणारा आजूबाजूला पाहून एखादी गोष्ट सांगतो, तेव्हा ती अमानत ठरते, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. मध्यरात्री दार लावून ॲपमध्ये मन मोकळे करणाऱ्या मुलीची स्थिती हीच असते. पण समोरचा अमीन आहे काय? ‘बेटरहेल्प’ या समुपदेशन सेवेने गोपनीयतेचे वचन देऊनही ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि 2023 मध्ये त्या कंपनीला 78 लाख डॉलर भरावे लागले. म्हणून ॲप घेण्यापूर्वी ते कोणाचे आहे, नोंदी कोठे जातात, हे विचारणे हा संशयीपणा नसून अमानतीची राखण आहे. भारत सरकारची ‘टेली-मानस’ सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही समुपदेशकाशी बोलता येते.

तथापि खरा प्रश्न यापुढेच आहे. आपली मुले माणसांना सोडून पडद्याशी का बोलतात? कारण पडदा रागावत नाही, ‘लोक काय म्हणतील’ असे विचारत नाही. आजाऱ्याची विचारपूस हा मुसलमानावरील मुसलमानाचा हक्क आहे, आणि तो यंत्राकडे सोपवून आपली सुटका होत नाही. ॲप आजाराचे नाव सांगेल; डोक्यावर हात ठेवणे आपल्यालाच करावे लागेल. आई-वडिलांनी आणि मशिदीच्या इमामांनी आधी ऐकावे, नसीहत मागाहून करावी. कोणी जीव देण्याची भाषा केली तर त्याला एकटे सोडू नये, विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. नमाज आणि दुआ त्याच्या सोबतीला असाव्यात, औषधाच्या जागी नव्हेत.

अल्लाह आपल्याला एकमेकांच्या मनाचे अमीन बनवो. आमीन.